डायल टोन येतो, पण बटणं दाबली तरी तुटत नाही: जुन्या एक्सचेंजवर टोन डायलिंग चालत नसेल तर काय तपासायचं

तक्रार एकाच वाक्यात येते. मालवणकडे, "फोन येता, पण लागणा नाय." गुहागर-दापोलीकडे, "येणारे फोन येतात हो, इथून लावला की लागत नाही." बेल नीट वाजते, बोलणं स्वच्छ ऐकू येतं, रिसीव्हर उचलला की डायल टोनही मिळतो. नंबर दाबायला लागलं की मात्र मागची घुर्रर्र चालूच. मग कोणीतरी तालुक्याला जाऊन नवा फोन आणतो, नवा फोनही तसाच वागतो, आणि खापर एक्सचेंजवर फुटतं.

किनाऱ्यावरच्या लॉजवर, पतपेढ्यांत, शाळांत, मच्छीमार सोसायट्यांच्या ऑफिसांत नव्वदच्या दशकातले ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन आपसात आणि बाहेरच्या लाईनशी जोडणारे डबे (आमच्या भाषेत बोर्ड), अजून भिंतीला लटकलेले आहेत आणि कामही करतात. त्यांच्यावरची ही एकच तक्रार मी वर्षानुवर्षं निस्तरत आलोय. बऱ्याच ठिकाणी मला बोलवायची गरजच नसते. खालचा क्रम माझ्या कामाचाच आहे: आधी फुकटातल्या तपासण्या, मग थोड्या पैशांच्या, शेवटी तुम्ही हात लावू नये अशा.

लक्षणं

स्क्रू-ड्रायव्हर काढण्याआधी रिसीव्हर कानाला लावा, ५ दाबा आणि काय होतं ते कागदावर लिहा. "फोन बिघडलाय" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही.

दोन सुरांचा मिळून एक "पीं" ऐकू आला आणि डायल टोन तरीही चालू राहिला, तर फोन टोन पाठवतोय, पण पलीकडे तो ओळखला जात नाहीये. "पीं"ऐवजी टक-टक-टक-टक-टक असे पाच ठोके आले, तर फोन पल्सवर, म्हणजे जुन्या ठोक्यांच्या पद्धतीवर आहे. अशा फोनवरून नंबर कदाचित लागेलही, पण गॅसच्या बुकिंगला किंवा बँकेला फोन केल्यावर "मराठीसाठी एक दाबा" म्हणतात तिथे कितीही दाबलं तरी पलीकडची बाई तेच वाक्य परत म्हणत राहते. काहीच ऐकू आलं नाही, तर बटणांचा पट्टा किंवा त्यामागची चिप मेलेली आहे.

ठराविक आकडेच चालत नसतील तर कोणते ते लिहा. कधी लागतो, कधी नाही, ठेवून परत उचलला की लागतो, असं असेल तर तेही. हाताने दाबून लागतो पण रीडायल केला की राँग नंबर, हे वेगळं लक्षण आहे. मृगात सुरू होतं आणि दिवाळीत आपोआप बरं होतं, हे आणखी वेगळं. रात्रभर वीज गेली आणि सकाळपासून आतल्या आत सगळे फोन लागतात पण बाहेरचा एकही नाही, हे तर इतकं ठरलेलं लक्षण आहे की ते ऐकून मी येताना बॅटरी घेऊनच निघतो.

पलीकडच्या यंत्राला काय कळतं

हे दोन मिनिटं वाचा, म्हणजे पुढच्या तपासण्या कशासाठी ते लक्षात येईल.

जुन्या पद्धतीत, म्हणजे पल्समध्ये, फोन लाईनचा करंट तोडतो आणि जोडतो, सेकंदाला साधारण दहा वेळा. ५ साठी पाच वेळा, ० साठी दहा वेळा. स्ट्रौजर पद्धतीच्या एक्सचेंजमध्ये या प्रत्येक तुटण्यासरशी एक लोखंडी हात खरोखर एक पायरी वर चढायचा. त्या यंत्राला कानच नव्हते. त्याच्यापुढे कितीही सूर वाजवले तरी फरक पडण्यासारखा नव्हता, कारण करंट तुटत नव्हता. नंतरच्या क्रॉसबार एक्सचेंजमध्ये आकडे आधी साठवून मग रस्ता जोडायची सोय होती, पण टोन कळायला तिथेही वेगळं उपकरण जोडावं लागायचं.

टोन पद्धत अमेरिकेत १९६३ मध्ये ग्राहकांना मिळाली. त्यात प्रत्येक बटण दोन सूर एकदम वाजवतं. आडव्या ओळींचे सूर ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. उभ्या रांगांचे १२०९, १३३६ आणि १४७७. म्हणजे ५ म्हणजे ७७० आणि १३३६ एकत्र. पलीकडे टोन रिसीव्हर नावाचं सर्किट असतं. त्याला दोन्ही सूर स्वच्छ, पुरेशा जोरात आणि साधारण ४० मिलिसेकंद तरी सलग ऐकू यावे लागतात. यातलं एक जरी कमी पडलं तरी तो आकडा धरत नाही, आणि पहिला आकडा धरला नाही की डायल टोन तुटत नाही.

आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सुरू झाली आणि तिची छोटी ग्रामीण एक्सचेंजं गावोगाव पोचली. इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजं आली तसा टोन आला, पण सगळ्यांकडे एकदम नाही. त्या संक्रमणाच्या काळात बसवलेले ईपीएबीएक्स मुद्दाम पल्सवर लावलेले असत, कारण बाहेरची लाईन कुठल्या एक्सचेंजवर जाईल याचा भरवसा नव्हता. काही बोर्डांत टोन ओळखणारं कार्ड वेगळे पैसे देऊन घ्यावं लागे, आणि बऱ्याच मालकांनी ते घेतलंच नाही. आज दिसणारे निम्मे "बिघाड" म्हणजे त्या वेळी केलेली आणि कोणाच्या लक्षात न राहिलेली सेटिंग आहे.

पहिली तपासणी: फोनच्या पोटाखालचं बटण

फोन उलटा करा. तळाला किंवा बाजूला पी आणि टी अशी अक्षरं असलेला छोटा सरकता खटका असतो. टोनसाठी तो टी वर हवा. पुसताना, टेबलावर सरकवताना, पोरांच्या हातून तो पी वर जातो. आपल्याकडच्या दमट हवेत तो मधेच अडकूनही बसतो: वरून टी दिसतो, आतली पट्टी मात्र दोन्हींच्या मध्ये. म्हणून नुसतं बघू नका, पाच-सात वेळा इकडून तिकडे सरकवून मग टी वर ठेवा.

आता याच खटक्याने खरी परीक्षा घ्या. पी वर ठेवून एक नंबर लावा. लागला? मग लाईन चांगली आहे, वायर चांगली आहे, पलीकडचं यंत्र जिवंत आहे. अडचण फक्त टोनची आहे, आणि पुढच्या निम्म्या तपासण्या गळून पडल्या. पी वरही लागत नसेल, तर दोष वायरीत किंवा लाईनवर असण्याची शक्यता जास्त.

दुसरं काही जमत नसेल तर तात्पुरतं पी वर चालवायला हरकत नाही. बऱ्याच फोनवर पल्समध्ये असताना नंबर लागल्यावर स्टार दाबला की त्या कॉलपुरता फोन टोनवर जातो, मग "मराठीसाठी एक" चालतं. ही सोय माहीत नसल्याने कितीतरी लोकांनी चालू फोन माळ्यावर टाकले आहेत.

दुसरी: मोबाईलने फोनची परीक्षा

मोबाईलवरून त्या फोनवर रिंग द्या, कोणाला तरी उचलायला सांगा, आणि त्याला १ पासून हॅशपर्यंत सगळी बटणं एकेक सेकंद दाबायला सांगा. तुम्ही मोबाईलवर ऐका. सगळे सूर जोरकस आणि एकसारखे आले तर फोन निर्दोष. यात पलीकडच्या टोन रिसीव्हरचा काही संबंध येत नाही, म्हणून फोनचा दोष आणि एक्सचेंजचा दोष वेगळा करायला याहून सोपी युक्ती नाही.

एक आडवी ओळ, समजा ४-५-६, पूर्ण मेली असेल, किंवा उभी रांग १-४-७ मेली असेल, तर बटणांखालच्या पट्ट्यावरची एक रेषा तुटली किंवा खाल्ली गेली आहे. हा शंभर टक्के फोनचा दोष, एक्सचेंजचा नाही. एखादंच बटण मेलं असेल तर त्याखालचा रबरी पॅड झिजलाय किंवा खाली मीठ बसलंय. फोन उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅड आणि पट्टा पुसा, वाळू द्या, परत बसवा. पॉलिश पेपर मारू नका, काळा थर निघून जातो आणि मग काहीच उरत नाही. आणि कृपा करून खोबरेल तेल लावू नका. वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत मी तेलात पोहणारे कीपॅड पाहिलेत. दोन दिवस बरं चालतं, नंतर तेलाला धूळ चिकटते आणि धुळीला मुंग्या.

सूर येतात, पण ३-६-९ आणि हॅश ही शेवटची रांगच क्षीण येते, असं आढळलं तर फोन बाजूला ठेवा आणि वायरीकडे बघा. या रांगेचा वरचा सूर, १४७७ हर्ट्झ, सगळ्यांत उंच. लांब किंवा गळक्या वायरीत उंच सूर आधी मरतात. मुख्य इमारतीपासून दूर, नारळाच्या बागेतून वायर टाकून फोन दिलेल्या कॉटेजेसमध्ये हे ठरलेलं.

तिसरी: वायरींच्या एकाच जोडीवर किती उपकरणं आहेत ते बघा

काउंटरवर एक फोन, आत घरात दुसरा, त्यालाच जुना फॅक्स, आणि कोपऱ्यात सीएलआयचा, म्हणजे फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणारा डबा. सगळं एकाच जोडीवर समांतर. दोन फोन एकदम उचलले गेले, किंवा एखादा व्यवस्थित ठेवला गेला नसेल, तर लाईनचा व्होल्टेज आणि टोनचा जोर दोन्ही खाली येतात. सगळं काढा, एकच फोन ठेवा, परत लावून बघा. लागला तर एकेक उपकरण परत जोडत जा, ज्याला जोडल्यावर बंद पडेल तोच दोषी. ब्रॉडबँड असेल तर फिल्टरही काढून बघा, त्याच्या आतही खारी हवा पोचते.

चौथी: दोन वायरी उलट करून बघा

बहुतेक फोनना प्लस-मायनस कुठेही चालतं, कारण आत डायोडचा ब्रिज असतो. अगदी जुन्या काही बटणवाल्या फोनमध्ये तो नसतो. अशा फोनवर वायरी उलट पडल्या की बोलणं-ऐकणं चालतं, बेल वाजते, फक्त बटणं मुकी होतात. रंगकामानंतर किंवा रोझेट, म्हणजे फोनची वायर जिथे जोडतात ती भिंतीवरची डबी, बदलल्यानंतर फोन बिघडला असेल तर ही शंका आधी घ्या. रोझेटमधल्या दोन वायरी अदलाबदल करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. करताना कोणी रिंग दिली तर ७५ व्होल्टचा झटका बसतो. जीव जात नाही, पण स्टुलावरून पडायला होतं. रिसीव्हर उचलून ठेवा, म्हणजे वायर सुटेपर्यंत तरी रिंग येणार नाही. आणि बाहेर गडगडत असेल तर रोझेट उघडूच नका.

पाचवी: रोझेट, जोड आणि खारं वारं

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या किनाऱ्यावरचा खरा शत्रू हा आहे.

झाकण काढा. स्क्रूवर हिरवट-निळा थर दिसतो, तांब्याच्या वायरीवर काळपट पापुद्रा, आणि दोन स्क्रूंच्या मधल्या प्लॅस्टिकवर पांढरी बारीक पूड. ती पूड मीठ आहे. उन्हाळ्यात ती कोरडी असते, काही करत नाही. जूनमध्ये हवा ओली झाली की ती ओलावा धरते आणि दोन स्क्रूंच्या मधून थोडा थोडा करंट गळायला लागतो. बोलताना नुसती खरखर येते, कारण माणसाचा कान खरखरीतूनही शब्द उचलतो. टोन रिसीव्हर तेवढा समजूतदार नसतो, त्याला त्या खरखरीतून दोन स्वच्छ सूर मिळत नाहीत. म्हणून "बोलणं तर होतंय" यावरून वायर चांगली असं धरू नका.

मुंग्या रोझेटमध्ये मातीसकट अंडी घालतात, पाली घुसून चिकटतात, कुंभारमाशी भोक दिसलं की लिंपून टाकते. लाल माती ओली झाली की तीही करंट वाहते. ब्रशने साफ करा, अल्कोहोलने पुसा, वायरीचं टोक कापून नवं तांबं उघडं करा आणि घट्ट आवळा. हिरवा थर आलेला स्क्रू घासत बसू नका. नवी रोझेट चहा-भज्यांच्या पैशात येते, बदलून टाका. बाहेरचे जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले असतील तर ते सोडा आणि जेली भरलेले कनेक्टर लावा. टेपच्या आत पाणी जातं पण बाहेर येत नाही.

जांभ्याच्या भिंतीला थेट खिळ्यांनी मारलेली वायर चार महिने ओलीच असते. केसिंगमधून न्या, किंवा निदान भिंतीपासून बोटभर लांब ठेवा.

सहावी: मल्टीमीटर

साधा मल्टीमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवा. सरकारी लाईनवर फोन ठेवलेला असताना ४८ च्या आसपास मिळायला हवेत. ईपीएबीएक्सच्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे आतल्या फोनच्या जोडीवर, २४ मिळाले तरी घाबरू नका, बरेच बोर्ड तेवढेच देतात. फोन उचलल्यावर आकडा ६ ते १० च्या दरम्यान येतो. तो ५ च्या खाली जात असेल तर जुन्या फोनमधली टोनची चिप नीट उठतच नाही: डायल टोन येतो, बोलणं होतं, बटणं मात्र अर्धवट.

करंट मोजता येत असेल तर मीटर एका वायरीच्या मधे घालून फोन उचला. २० ते ४० मिलिअँपिअर ठीक. त्याहून बराच कमी असेल तर वायर लांब आहे किंवा कुठला तरी जोड सडलाय. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीला एका किलोमीटरमागे जाऊन-येऊन साधारण १७० ओहम प्रतिकार असतो. तुमची वायर दोनशे मीटरच असेल आणि मीटर कित्येकशे ओहम दाखवत असेल, तर उरलेले ओहम जोडांत आहेत. हे मोजताना वायर बोर्डापासून सोडवा आणि लांबच्या टोकाला दोन्ही वायरी एकत्र पिळा. मग पीळ सोडून दोन वायरींमधली गळती बघा: मीटरने काही दाखवू नये, किंवा मेगओहममध्ये दाखवावं. काही दहा किलोओहम दाखवले तर ती वायर पावसाळ्यात हमखास त्रास देणार. ही मोजणी भर पावसात करा, एप्रिलमध्ये सगळ्या वायरी निर्दोष असतात.

सातवी: ट्रंक लाईन बोर्डातून काढून सरळ फोनला लावा

आतले फोन आपसात लागतात पण बाहेर लागत नाहीत, असं असेल तर हीच तपासणी पहिली करा. ट्रंक म्हणजे बाहेरच्या एक्सचेंजकडून आलेली जोडी; ती ईपीएबीएक्सच्या ट्रंक पोर्टवरून सोडवा, चांगला म्हणून ठरलेला फोन टी वर ठेवून थेट लावा. नंबर लागला तर बाहेरची लाईन ठीक, दोष बोर्डात किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. लागला नाही तर बोर्डाला हात लावायचं कारणच नाही.

आठवी: ईपीएबीएक्सचं प्रोग्रामिंग आणि त्याची बॅटरी

प्रत्येक ट्रंकला पल्स की टोन हे वेगळं सांगावं लागतं. त्याचा कोड मॉडेलप्रमाणे बदलतो, पुस्तिकेत असतो. पुस्तिका नसेल तर झाकणाच्या आत चिकटवलेला कागद बघा.

आता ते वीज गेल्यावरचं दुखणं. जुन्या बोर्डांत ही सेटिंग लक्षात ठेवायला आत एक छोटी रिचार्ज होणारी बॅटरी असते, बहुधा ३.६ व्होल्टची, हिरव्या किंवा निळ्या वेष्टनातली. ती आठ-दहा वर्षांत मरते, पण वीज असेपर्यंत कोणाला कळत नाही. वीज जाते, बोर्डाची मुख्य बॅटरी उतरते, आठवण पुसली जाते आणि वीज आल्यावर बोर्ड कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर उठतो. मूळ सेटिंग पल्स असेल आणि बाहेरची लाईन पल्स ओळखत नसेल तर सगळे बाहेरचे फोन बंद. उलटही होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात वीज यायला बरेच दिवस गेले, तेव्हा पट्ट्यातले कितीतरी बोर्ड असेच विसरभोळे होऊन उठले. लोकांना वाटलं वादळात जळले. जळलं काही नव्हतं, परत प्रोग्राम करून नवी बॅटरी घातली की काम झालं.

म्हणून दर लांब वीजबंदीनंतर तोच त्रास येत असेल, तर दरवेळी प्रोग्रामिंग करून घेऊ नका, बॅटरी बदलून घ्या. बॅटरी फुटून हिरवं पाणी पट्ट्यांवर सांडलेलं दिसलं तर तिथेच थांबा. ते तांबं खातं, आणि साफ करताना उरलेली रेषाही निघून येते.

हल्ली याच सेटिंगचा एक नवा घोळ वाढलाय. तांब्याची लाईन जाऊन फायबर येतो आणि ट्रंक आता फायबरच्या मोडेमच्या फोन पोर्टला लागते. बऱ्याच मोडेमना पल्स कळतच नाही. नव्वदपासून पल्सवर सुखाने चाललेला बोर्ड त्या दिवसापासून बाहेर फोन लावत नाही, आणि फायबरवाला म्हणतो लाईन ठीक आहे. दोघंही खरं बोलत असतात. ट्रंक टोनवर करा, सुटेल. चकतीचा फोन मोडेमला थेट लावायचा असेल तर मात्र पल्सचं टोन करणारा छोटा कन्व्हर्टर लागतो.

रीडायलचा राँग नंबर: ० दाबून बाहेरची लाईन घेतल्यावर पलीकडे टोन रिसीव्हर जोडला जायला क्षणभर लागतो. माणूस नकळत थांबतो, फोनची मेमरी थांबत नाही. पहिला आकडा हवेत जातो आणि उरलेल्या आकड्यांवर भलताच कोणी तरी उचलतो. नंबर साठवताना ० नंतर पॉजचं बटण दाबा. एवढंच.

आणि शेवटचं, सगळ्यांत छळणारं: कधी लागतो, कधी नाही. जुन्या बोर्डात प्रत्येक एक्स्टेन्शनला स्वतंत्र टोन रिसीव्हर नसतो. पंगतीत वाढप्यांसारखे ते मोजकेच असतात, जो मोकळा असेल तो येतो. चारांतला एक बहिरा झाला तर कुठल्याही खोलीतून, कुठल्याही फोनवरून, अधूनमधून नंबर लागत नाही, आणि ठेवून उचलला की लागतो, कारण या वेळी दुसरा आला. यात फोन बदलून उपयोग नाही, वायर बदलून नाही. ओळखायचं असं: आसपास शांतता असताना, कोणी फोनवर नसताना, एकाच फोनवरून उचल-दाब-ठेव असं लागोपाठ करा आणि दरवेळी टोन तुटला की नाही लिहा. नापास होणं ठराविक अंतराने येत असेल, समजा दर चौथ्या वेळी, तर टोन रिसीव्हर बहिरा आहे हे जवळजवळ पक्कं. तोच त्रास एकाच खोलीतून येत असेल आणि ती वायर दुसऱ्या पोर्टवर हलवल्यावर गेला, तर रिसीव्हर चांगले, तो पोर्ट खराब.

इथे थांबा, माणूस बोलवा

ईपीएबीएक्सच्या डब्यात एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि जुन्या डब्यांत ते झाकलेलेही नसतात. झाकण काढून बघणं वेगळं, आत बोट घालणं वेगळं. कार्ड काढणं, बॅटरीला डाग देणं, टोन रिसीव्हरची चिप बदलणं हे ज्याचं काम त्याला करू द्या. वीज कोसळून गेल्यावर बंद पडलेल्या ट्रंक कार्डाला तर अजिबात हात लावू नका, त्यातली संरक्षणाची उपकरणं अर्धवट मेलेली असू शकतात. त्या वेळी अर्थिंगही तपासून घ्या, जांभ्याच्या कातळावर ती मुळातच चांगली मिळत नाही.

खांबावरचा डीपी बॉक्स, म्हणजे घरोघरच्या लाईनी वाटणारी पेटी, आणि त्याच्या पलीकडचं सगळं कंपनीचं आहे. तो उघडू नका, लाईनमनच्या ओळखीचा असलात तरी. तक्रार नोंदवताना "फोन डेड आहे" म्हणालात तर लाईनमन येतो, बेल वाजवून बघतो, सही घेतो आणि जातो. त्याऐवजी सांगा: डायल टोन आहे, बोर्ड काढून थेट फोनवर तपासलं, पल्सवर नंबर लागतो, टोनवर डायल टोन तुटत नाही, या लाईनला टोन चालू आहे का ते एक्सचेंजमध्ये बघा. इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजमध्ये प्रत्येक लाईनच्या नोंदीत ती गोष्ट असू शकते, आणि तसं असेल तर दुरुस्ती खुर्चीवर बसल्या जागी होते.

बोर्डासाठी माणूस बोलावलात तर मॉडेलचं नाव, कुठल्या पोर्टला कुठली खोली, आणि वरच्या तपासण्यांचे आकडे कागदावर तयार ठेवा. त्याचा अर्धा वेळ वाचतो, तुमची अर्धी मजुरी. जाण्याआधी त्याच्याकडून सगळ्या सेटिंगचे कोड लिहून घ्या, आणि बॅटरी बसवली त्याचं साल झाकणाच्या आत मार्करने टाकायला सांगा.